मद्यपाशातून सुटका : विश्वासाचे काम आणि मंडळीचे काम



गेल्या उन्हाळ्यात लोहारा तालुक्यातील माकणी येथे आसपासच्या गावांचे काही उपदेशक बंधू एकत्र जमले होते. सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर आम्ही सर्व तेरणेच्या धरणाकडे तोंड करून बसलो असता एका वृद्ध उपदेशकाने आम्हांस एक प्रश्न केला. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आपल्या त्या बंधूस प्रभूने दारूतून खरोखर सोडविले होते, तर तो पुन्हा प्याला कसा? आणि सोडविले नव्हते, तर आपण त्याच्या साक्षी गावोगाव करविल्या, त्या काय खोट्या होत्या?"

प्रश्न ऐकून सर्व गप्प झाले, आम्हीही गप्प झालो. उपदेशकाने बंधू म्हटले खरे, परंतु त्याचे बोट आमच्याकडेही होते, व ते योग्यच होते. त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आमच्याने देववले नाही. ते आज ह्या पत्राच्या द्वारे देण्याचा प्रयत्न करीत आहो. ज्या मंडळ्यांत असे बंधू आहेत, आणि कोणत्या मंडळीत ते नाहीत, त्यांस ह्याचा काही उपयोग होईल अशी आशा आहे.

प्रथम जे घडले ते सांगतो. बंधूचे नाव व गाव सांगण्याचे कारण नाही. तो ऊसतोडणीस जाणारा मनुष्य. मुकादमाकडून उचल घ्यावी, दिवाळीच्या सुमारास बायकामुलांसह टोळीबरोबर निघावे, कारखान्याच्या आवारात पालाच्या खोपीत राहावे, आणि उन्हाळा लागता परत यावे, असा त्याचा क्रम. थंडीत पहाटे अंग हलावे म्हणून घेतलेला पहिला पेला पुढे सकाळी, दुपारी व रात्री लागू लागला. एके वर्षी मे महिन्यात आमच्या गावी जागृतीच्या सभा झाल्या. त्यांत आम्ही मोठ्या आवेशाने आवाहन केले, आणि तो उठून पुढे आला. सर्वांदेखत त्याने बाटली टाकिली, व त्या रात्रीपासून थेंबही घेतला नाही. आमच्या आनंदास पारावार उरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले व अंगास घाम सुटला. तिसऱ्या रात्री त्यास भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसू लागल्या, नसलेली माणसे दिसू लागली, आणि पुढे त्यास आकडी आली. शेजाऱ्यांनी म्हटले की अंगात काही शिरले आहे. सांगावयास लाज वाटते, परंतु आम्हीही तसेच मानिले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून आम्ही अशुद्ध आत्म्यास धमकावू लागलो. तेव्हा त्याची पत्नी, जिला अक्षरओळखही नाही, पुढे होऊन म्हणाली, "सायेब, परार्थना जीपमधी बसून करा, पर आधी यांना दवाखान्यात न्या." तिनेच शेजारची जीप आणविली. डॉक्टरांनी नंतर आम्हांस एकीकडे घेऊन सांगितले की आणखी एक रात्र घरी ठेविता तर हा मनुष्य हाती लागला नसता.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आपण नीट समजून घ्यावी, कारण हिच्यावर जीव अवलंबून आहेत. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पितो, त्याचा मेंदू त्या विषाला तोंड देण्यासाठी सदा ताणलेला राहावयास शिकतो. दारू एकदम बंद झाली म्हणजे तो ताण मोकळा सुटतो. काही तासांतच कंप व घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन मनुष्य दगावूही शकतो. ह्यावर दवाखान्यात औषध आहे. मेंदू शांत करणारी औषधे थोडे दिवस देऊन हळूहळू कमी करितात, व पिणाऱ्यांच्या शरीरात ज्याची वाण पडते ते ब-1 जीवनसत्त्व देतात. एकदोन आठवड्यांत शरीराचा हा धोका बहुधा टळतो. म्हणून जो रोज प्यावयाचा, त्यास शपथ घालण्यापूर्वी डॉक्टरास दाखवावे. ह्यात अविश्वास मुळीच नाही. दृष्टांतातल्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास पाहून नुसती प्रार्थना केली नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधिल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि खर्चही दिला. त्या रात्री ह्या बाईने तेच केले, व आम्ही याजकासारखे बाजूने चाललो होतो.

बंधू बरा होऊन आला. येथे आमची दुसरी चूक घडली, व ती पहिलीपेक्षा मोठी होती. जून ते ऑक्टोबर आम्ही त्यास गावोगाव साक्ष द्यावयास नेले. तो उभा राहून सांगे की मी असा होतो व आता असा आहे. लोक रडत व टाळ्या वाजवीत. दिवाळीनंतर तो तोडणीस गेला. तेथे तीच थंडी, तीच खोप, तेच सोबती. जानेवारीत तो पुन्हा प्याला. एप्रिलात परत आल्यावर तो उपासनेस आला नाही, आम्ही रस्त्याने दिसलो तर दुसऱ्या गल्लीने जाई. पुष्कळांस वाटले की हा विश्वासातून पडला. पुढे त्याने स्वतः सांगितले ते असे की, प्यालो ह्याचे दुःख होतेच, परंतु त्याहून मोठी भीती ही होती की आता तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने यावे. ज्याची साक्ष आम्ही निशाणासारखी मिरविली, त्यास पडण्याची व पडल्यावर परत येण्याची वाट आम्ही ठेविलीच नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रभूने सोडविले होते की नव्हते?

ह्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरिली आहे ती ही की, सुटका म्हणजे एकदा मिळून पेटीत ठेवण्याची वस्तू आहे. पवित्र शास्त्र वाचिले असता आम्हांस तसे दिसत नाही. रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळे तो रोजचा रोज. ज्यांनी उद्यासाठी साठविला त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले. मान्ना खोटा होता काय? नाही. तो खरा होता, पण त्या दिवसापुरता होता. बंधूची साक्षही खरी होती. आम्ही ती साठविली, आणि कालच्या साक्षीवर त्यास आजचा दिवस काढावयास लाविले. म्हणून तिला कीड लागली.

दुसरे उदाहरण बेथानीचे घ्या. लाजरस जिवंत करणे हे प्रभूचेच काम होते, त्यात कोणाचा हात लागला नाही. परंतु तो कबरेबाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, आणि ती सोडण्याचे काम प्रभूने जवळ उभ्या असलेल्यांस सांगितले. ज्याने मृतास उठविले त्यास गाठी सोडणे अवघड होते काय? तरी ते त्याने मंडळीवर सोपविले. आमच्या बंधूस उठविणारा प्रभू होता ह्याविषयी आम्हांस शंका नाही. पट्ट्या मात्र आम्ही सोडिल्या नाहीत. तसाच बांधलेला घेऊन आम्ही त्यास सभांतून फिरविले.

येथे कोणी म्हणेल, "हे सर्व दारूड्याची बाजू घेणे झाले. तो आपखुषीने पितो. ते पाप आहे, व पापास पश्चात्ताप हेच औषध." दुसरा कोणी शिकलेला तरुण म्हणेल, "हा तर रोग आहे. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने 1956 सालीच तसे ठरविले. रोग्यास पापी का म्हणता?" ह्या दोघांचा वाद मंडळीत नेहमी चालतो, व दोघेही अर्धे बरोबर आहेत असे आम्हांस वाटते.

सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन ह्याने आपल्या आत्मवृत्तात ह्या गोष्टीचा विचार केला आहे. तो स्वतः मद्याचा नव्हे तर दुसऱ्या वासनेचा बांधलेला होता. त्याचा सिद्धांत असा की, कडीत कडी गुंतून साखळी होते : वाकड्या इच्छेतून वासना होते, वासनेस मान तुकविली की सवय होते, आणि सवयीस विरोध न केला की तिची निकड होते. ही साखळी दुसऱ्या कोणी आणून घातली नव्हती, ती त्याच्याच इच्छेची घडलेली होती, तरी ती लोखंडासारखी घट्ट होती. पाहा, पहिल्या कडीपाशी मनुष्य मोकळा आहे, शेवटच्या कडीपाशी तो बांधलेला आहे, आणि साखळी एकच आहे. पौल प्रेषितानेही रोमकरांस लिहिताना सातव्या अध्यायात हाच आक्रोश केला आहे की, जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, व जे नको तेच होते.

म्हणून पाप की रोग असे विचारणाऱ्यास आमचे उत्तर असे की, ज्याचे हात सकाळी पेल्यावाचून स्थिर होत नाहीत, त्यास "मनात आणलेस तर सोडशील" असे म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्यास धाव म्हणणे होय. ते खरेही नव्हे व प्रीतीचेही नव्हे. परंतु पाय मोडलेल्यावरही एक जबाबदारी राहते. त्याने मोडलेला पाय लपवू नये, वैद्यास दाखवावा, आणि लोकांच्या खांद्यावर हात ठेवावयास लाजू नये. एकट्याने सोडण्याचे बळ बंधूजवळ नाही. खरे बोलण्याचे बळ मात्र त्याजजवळ आहे, आणि देव त्याच्याकडे पहिल्याने तेवढेच मागतो.

दोष वाटावयाचा तर तो एका माणसावर संपतही नाही. जोतीराव फुले ह्यांनी 1880 साली पुणे नगरपालिकेस पत्र लिहून दारूची दुकाने वाढविण्यास हरकत घेतली होती. 1949 साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. 2008 सालच्या शासकीय आदेशाप्रमाणे गावातील एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीस मत दिले तर गावातले परवान्याचे दुकान बंद होते. ख्रिस्ती भगिनींनी ह्या मतदानात आपल्या हिंदू, मुसलमान व बौद्ध शेजारणींबरोबर उभे राहावे. तरीपण दुकान बंद झाले म्हणून बंधूच्या आतली तहान बंद होत नाही, हेही ध्यानात असावे.

मग ती तहान कशाने भागते? विश्वासाने, असे आम्ही म्हणतो. परंतु विश्वास म्हणजे काय, हे एका मनुष्याच्या वृत्तांतावरून पाहू. न्यूयॉर्क शहरातील बिल विल्सन हा हुशार गृहस्थ दारूने पुरता नासला होता. 1934 सालच्या नोव्हेंबरात त्याचा एक जुना पिणारा सोबती त्यास भेटावयास आला व देऊ केलेली दारू त्याने घेतली नाही. तो ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती सहवासात जाऊ लागला होता. तेथे लोक आपली पापे एकमेकांजवळ कबूल करीत, केलेल्या नुकसानीची भरपाई करीत, व रोज देवासमोर शांत बसत. डिसेंबरात विल्सन इस्पितळात असता निराशेच्या तळाशी देवास हाक मारू लागला. त्या खोलीत त्यास मोठा प्रकाश व शांती जाणवली, आणि पुढे 1971 साली मरेपर्यंत तो प्याला नाही.

आमच्यासारखा उपदेशक गोष्ट येथे संपवील, परंतु खरा धडा पुढे आहे. त्यानंतर विल्सन कित्येक महिने पिणाऱ्यांस आपला प्रकाश सांगत हिंडला, आणि एकही सुधारला नाही. तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी त्यास सांगितले की उपदेश थांबीव, आधी त्यांस त्यांच्या दुखण्याची खरी हकीकत सांग. 1935 सालच्या मे महिन्यात अॅक्रन शहरी धंद्यात अपयश येऊन तो एका हॉटेलात एकटा उभा होता. पलीकडे दारूच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते, व त्याचे मन तिकडे ओढले. प्रकाश पाहिलेला मनुष्य पाच महिन्यांनी त्याच दाराशी उभा होता! तेव्हा त्याने तेथील एका पाळकास टेलिफोन केला व बोलण्यासाठी दुसरा पिणारा मनुष्य कोठे भेटेल असे विचारिले. अशा रीतीने त्याची डॉक्टर बॉब स्मिथ ह्यांच्याशी गाठ पडली. डॉक्टरांनी 10 जून 1935 ह्या दिवशी शेवटचा पेला घेतला, व त्या दिवसापासून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ह्या मंडळाचा जन्म मानितात. विल्सन त्या दाराशी वाचला तो आठवणीतल्या प्रकाशाने नव्हे, तर दुसऱ्या दुखणाईताचा हात धरिल्याने.

ही पद्धत आमच्या महाराष्ट्रातही आली आहे. पुण्यास 1986 साली डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढिले. तेथे औषधोपचार आहे, बरे झालेले मित्र नव्यांस सांभाळितात, आणि पत्नींसाठी निराळा गट भरतो. तेथे आपल्या प्रभूचे नाव घेऊन काम चालत नाही. ह्यावरून कोणी विचारील, "ख्रिस्तावाचून सुटतात, तर ख्रिस्ताची गरज काय?" आम्ही म्हणतो, सूर्य व पाऊस सर्वांवर पाठविणारा जो देव, त्याची दया आपल्या देवळाच्या भिंतींत मावत नाही ह्याचा मत्सर करू नये. लज्जित मात्र व्हावे. कबुली, क्षमा, भरपाई, एकमेकांची ओझी वाहणे, ही आपल्या घरची भांडी. ती दुसऱ्यांनी घासून वापरात ठेविली, आणि आपल्या घरी ती माळ्यावर पडली.

आणि ख्रिस्त काय देतो? प्रभूने एका रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. घर झाडून नीटनेटके केले, पण आत कोणी राहावयास आले नाही, तेव्हा गेलेला अशुद्ध आत्मा आपल्याहून वाईट असे सात घेऊन परतला. औषधाने घर झाडून निघते. ते रिकामे राहू नये म्हणून आत राहणारा धनी हवा. दारू मनुष्यास लबाडीने का होईना तीन गोष्टी देते : दुःखाचा विसर, सोबत, व आपण कोणी तरी आहो असा भास. ख्रिस्त त्यास क्षमा देतो, म्हणजे मागचे विसरावे लागत नाही. तो त्यास मंडळी देतो. आणि तो त्यास पुत्र म्हणतो, म्हणजे भासाची गरज उरत नाही. परंतु ह्यातली मधली देणगी तो आपल्या हातून देतो, आणि आपण ती दिली नाही तर बंधूस ती मिळत नाही.

माकणीच्या परिसरास आम्ही हे आणखी एका रीतीने सांगू शकतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी व सास्तूर भागात जो भूकंप झाला त्यात हजारो जीव गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे मातीचे जड धाबे, ह्यांखाली माणसे दडपली. त्यानंतर पडलेल्या गावांनी त्याच ढिगाऱ्यावर त्याच भिंती पुन्हा रचिल्या नाहीत. कित्येक गावे उठून नव्या जागी वसली, व घरांची बांधणी बदलली. दारूतून उठलेल्या बंधूस मात्र आम्ही जुन्याच भिंतीखाली झोपावयास धाडिले होते : तीच टोळी, तीच उचल, तीच एकटी संध्याकाळ.

आता पुढे काय झाले ते सांगून पुरे करितो. माकणीच्या त्या बैठकीनंतर तोच वृद्ध उपदेशक मंडळीच्या दोघा वडिलांस घेऊन बंधूच्या घरी गेला. त्यांनी बोध केला नाही. चहा घेतला, बैलाची विचारपूस केली, आणि उठताना म्हटले, "शुक्रवारी तुमच्याच ओसरीवर बसू." आम्हीही गेलो, आणि त्याच्या पत्नीदेखत त्याची क्षमा मागितली, की आम्ही तुम्हांस माणूस न समजता जाहिरात समजलो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काल प्यालो होतो, पाळकसाहेब. आज प्यालो नाही." त्याची इतकी खरी साक्ष आम्ही पूर्वी ऐकिली नव्हती.

त्यास पुन्हा डॉक्टरांकडे नेले. आता शुक्रवारी त्या ओसरीवर चौघे बसतात, त्यांतला एक ख्रिस्ती नाही. त्याची उचल थोडी थोडी फेडण्यास मंडळीने हात लाविला असून ह्या वर्षी तो तोडणीस न जाता गावीच गवंड्याच्या हाताखाली काम करीत आहे. अमेरिकेत 1869 साली वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट गृहस्थाने प्रभुभोजनासाठी न आंबलेला द्राक्षरस टिकविण्याची युक्ती काढिली होती. आमच्या मंडळीनेही ह्या बंधूसाठी मनुका भिजवून त्याच दिवशी काढिलेला रस पेल्यात ठेवण्याचा ठराव केला आहे. तो पुन्हा पडणार नाही असे आम्ही लिहून देत नाही. त्यास सभांत उभेही करीत नाही.

तर, वृद्ध बंधो, तुमच्या प्रश्नास आमचे उत्तर हे. प्रभूने त्यास सोडविले होते हे खरे, आणि तो पुन्हा प्याला हेही खरे. पेत्र अंगणातल्या शेकोटीपाशी तीन वेळा पडला म्हणून त्याचे पूर्वीचे कबूल करणे खोटे ठरले नाही. प्रभूने समुद्रकाठी पुन्हा निखारे पेटवून त्यास न्याहारीस बोलाविले. साक्ष खोटी नव्हती. आमची मंडळी अपुरी होती. आपापल्या गावी जो बंधू दुसऱ्या गल्लीने जातो, त्याच्या ओसरीवर ह्या शुक्रवारी कोणी तरी जाऊन बसावे, इतकीच आमची सर्व वाचकांस प्रभूच्या नावाने विनंती आहे.